महिला मंडळ काढताना: पहिल्या बैठकीपासून पहिल्या चेंज रिपोर्टपर्यंत

मंडळ काढायचं ठरलं की पहिला फोन बहुतेक वेळा धर्मादाय कार्यालयाबाहेरच्या (संस्था आणि ट्रस्टची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाबाहेरच्या) एजंटला जातो. सात जणींची आधार कार्डं गोळा होतात, छापील घटनेवर सह्या होतात आणि काही महिन्यांत प्रमाणपत्र फ्रेममध्ये जातं. तीन-चार वर्षांनी अध्यक्ष बदलायची वेळ येते, तेव्हा कळतं की सभासद नक्की कोण याची यादीच नाही, सभांची इतिवृत्तं नाहीत आणि बँक नव्या सह्या घ्यायला तयार नाही. मंडळं भांडणांमुळे बंद पडतात असं आपण म्हणतो. माझ्या पाहण्यात मात्र ती बहुतेक वेळा चुकीच्या क्रमामुळे बंद पडतात. जे शेवटी करायचं ते आधी केलेलं असतं, आणि जे आधी करायचं ते कधीच केलेलं नसतं.

पाणी, कचरा, रस्त्यावरचे दिवे, स्वच्छतागृहं, अंगणवाडी अशा वस्तीच्या प्रश्नांवर काम करू पाहणाऱ्या बायकांच्या मंडळासाठी हा क्रम लिहिला आहे. त्यातला चेंज रिपोर्ट म्हणजे पदाधिकारी बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज. पद्धत महाराष्ट्रातली आहे. शहर आणि गाव दोन्हींना लागू पडते.

## सुरुवातीआधी: तुम्हाला मंडळच हवं आहे का?

बचत गट आणि महिला मंडळ यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. बचत गट साधारण 10 ते 20 जणींचा असतो. नियमित बचत, आपापसात कर्ज आणि त्याची परतफेड हा त्याचा गाभा. त्याला धर्मादाय नोंदणी लागत नाही आणि त्याचा फायदा सभासदांनाच होतो. मंडळाचं उलट आहे. त्याचा उद्देश सार्वजनिक हिताचा असावा लागतो आणि त्याच्या पैशातून सभासदांना कर्ज किंवा लाभांश देता येत नाही. एकाच वहीत दोन्ही चालवू नका. बायका त्याच असल्या तरी खाती, वह्या आणि बैठका वेगळ्या ठेवा.

दुसरी गोष्ट. वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यायला, ग्रामसभेत बोलायला, नगरसेविकेला भेटायला नोंदणी लागत नाही. देणग्या घ्यायच्या असतील, मंडळाच्या नावाने बँक खातं किंवा जागा हवी असेल, शासनाची किंवा कंपनीची मदत मागायची असेल, तेव्हा ती लागते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की निदान सहा महिने बिननोंदणीचं काम करा. त्या काळात कोण खरंच येतं आणि कोण फक्त फोटोला येतं हे दिसून येतं. कार्यकारिणी निवडायला तेवढी माहिती लागतेच.

इशारा: नोंदणीआधी लोकांकडून सार्वजनिक वर्गणी गोळा करू नका. त्यासाठी धर्मादाय कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तशी. चहा, झेरॉक्स, रिक्षा हा खर्च आपापसात वाटून घ्या आणि वहीत लिहा.

## पायरी 1: पहिल्या तीन बैठका

जागा आणि वेळ यांवर निम्मं यश ठरतं. बैठक कुणा एकीच्या घरी ठेवली की ते मंडळ तिचं होतं. शिवाय काही बायका त्या घरी जातच नाहीत, आणि का जात नाहीत ते कोणी उघड बोलत नाही. समाजमंदिर, शाळेचा वर्ग, अंगणवाडी किंवा सोसायटीचा हॉल बरा. वेळ ठरवताना पाणी कधी येतं ते आधी विचारा. धुणीभांडी आणि स्वयंपाकाची कामं करणाऱ्या, कारखान्यात जाणाऱ्या आणि घरी असणाऱ्या बायकांना एकच वेळ सोयीची नसते. तीन बैठका तीन वेगवेगळ्या वेळी घेऊन पाहा.

बायका जमवण्यासाठी हळदीकुंकू ठेवण्याची पद्धत आहे. ती टाळा, असं मी आग्रहाने सांगेन. विधवा, एकट्या राहणाऱ्या, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती शेजारणी पहिल्याच दिवशी दाराबाहेर राहतात आणि नंतर कितीही निरोप धाडले तरी येत नाहीत. पाण्याच्या किंवा घंटागाडीच्या प्रश्नावर बोलावलंत तर सगळ्या येतात, कारण तो सगळ्यांचाच आहे.

पहिल्या बैठकीत फक्त प्रश्नांची यादी करा. दुसरीत त्यातला एक प्रश्न निवडा, जो तीन महिन्यांत सुटू शकेल. तिसरीत कामं वाटा. पदं अजून वाटू नका.

प्रत्येक बैठकीची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. शंभर पानी वही घ्या, पानांवर आकडे घाला. तारीख, ठिकाण, हजर असलेल्यांची नावं आणि सह्या, काय ठरलं, कोण करणार, एवढं पुरे. लिहिता न येणारीचा अंगठा घ्या आणि शेजारी तिचं नाव लिहा.

तपासा: तिसऱ्या बैठकीला पहिल्या बैठकीतल्या निम्म्या तरी बायका आल्या का? नसतील तर पुढची पायरी चढू नका. आधी न आलेल्यांच्या घरी जाऊन कारण विचारा.

## पायरी 2: पहिलं काम, कागदावर

निवडलेला प्रश्न छोटा असू द्या: बंद पडलेले दिवे, घंटागाडीची वेळ, तुंबलेलं गटार, स्वच्छतागृहाचं मोडलेलं दार. फोनवर तक्रार करून थांबू नका. लेखी अर्ज करा आणि दोन प्रती न्या. एक प्रत कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ही पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. शहरात अर्ज प्रभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयात, नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आणि गावात ग्रामपंचायतीत द्यायचा. अर्जात एकच प्रश्न, नेमकं ठिकाण (विजेच्या खांबाचा क्रमांक असेल तर तोही), फोटो आणि काय करायला हवं ते लिहा. पाच प्रश्न एका अर्जात घातले की तो पाच टेबलांवर फिरतो आणि कुठल्याच टेबलावर निकाली निघत नाही.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. इथे हमखास एक चूक होते. अर्ज मंडळाच्या लेटरहेडवर जातो आणि तिथेच अडतो. 2005 च्या कायद्याने हा हक्क नागरिकाला दिला आहे, म्हणून अर्ज एखाद्या सभासदाने स्वतःच्या नावाने करावा. शुल्क 10 रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा आहे. ‘दिवे का लागत नाहीत’ असं विचारू नका. ‘आमच्या दिनांक अमुकच्या अर्जावर आजपर्यंत कोणती कार्यवाही झाली, त्या कागदांच्या प्रती द्याव्यात’ असं लिहा. कारणं विचारली की टाळता येतं, कागद मागितले की टाळणं अवघड जातं.

गावातल्या मंडळांनी आणखी एक दार वापरावं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. ती अनेक ठिकाणी फक्त रजिस्टरवर होते. ती कधी आहे हे आठ दिवस आधी लेखी विचारा, तुमचा ठराव तिथे मांडा आणि तो ग्रामसभेच्या इतिवृत्तात आला की नाही ते पाहा. शहरात अर्थसंकल्पाचं वेळापत्रक लक्षात ठेवा. वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, पण कामांच्या याद्या कितीतरी आधी तयार होतात. पुणे महापालिका 2006 च्या सुमारापासून नागरिकांकडून प्रभागातल्या छोट्या कामांच्या सूचना मागवते. अशी सोय तुमच्या गावात नसली तरी पदपथ किंवा बाकांची मागणी पावसाळ्यातच लेखी पोचलेली असावी. मार्चमध्ये केलेल्या मागणीला ‘तरतूद नाही’ हेच उत्तर मिळतं.

## पायरी 3: सभासदांची यादी

आता नोंदणीची तयारी. तिची सुरुवात अर्जापासून नाही, सभासद नोंदवहीपासून होते.

धर्मादाय कार्यालयात वर्षानुवर्षं चालणाऱ्या तंट्यांच्या मुळाशी हाच प्रश्न असतो: मत द्यायचा हक्क कुणाला होता? वहीत प्रत्येकीचं पूर्ण नाव, पत्ता, सभासद झाल्याची तारीख, वर्गणीची पावती क्रमांकासह आणि सही हवी. व्हॉट्सअॅप ग्रुपमधली नावं म्हणजे सभासद नव्हेत. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याच्या कलम 15 नुसार जिची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे, तिला मत देता येत नाही. म्हणून वर्गणी परवडेल इतकीच ठेवा आणि वेळेवर गोळा करा. वर्षाला 500 रुपये ठेवून निम्म्या बायका थकबाकीदार होण्यापेक्षा 60 रुपये ठेवलेले बरे.

नोंदणीला किमान सात जणी लागतात. सातवरच थांबू नका. एक गाव सोडून गेली, एक आजारी पडली की गणपूर्तीचे (सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचे) वांधे होतात. नऊ किंवा अकरा जणींची कार्यकारिणी आणि त्याबाहेर तीस-चाळीस सभासद, असा पसारा टिकतो.

इशारा: सासू-सून, जावा-जावा, बहिणी यांनी कार्यकारिणी भरू नका. एका घरातली एकच. आणि पदाधिकाऱ्यांचे यजमान बैठकीत, ग्रुपमध्ये किंवा हिशेबात नकोत. पासबुक, पावती पुस्तक, शिक्का या गोष्टी यजमानांच्या दुकानात किंवा ऑफिसात राहिल्या की मंडळ त्यांचं होतं. हे पहिल्या दिवशी मोकळेपणाने बोलून घ्या, नंतर बोलणं फार जड जातं.

## पायरी 4: घटना आणि नियमावली

एजंटकडची तयार घटना बहुतेक वेळा कुठल्या तरी शिक्षण संस्थेची नक्कल असते. तिच्यात वसतिगृहं, महाविद्यालयं, गोशाळा असे पन्नास उद्देश असतात आणि तुमचं काम नसतं. तुमचे उद्देश आठ-दहा ओळींत लिहा: परिसराची स्वच्छता, पाणी, आरोग्य, महिलांना कायद्याची माहिती, वाचनालय, जे खरोखर करायचं आहे ते. उद्देश सगळ्या जनतेसाठी हवेत. ‘सभासदांचं मनोरंजन’ एवढाच उद्देश असेल तर तो धर्मादाय ठरत नाही. नंतर उद्देश बदलणं कष्टाचं आहे: विशेष सभा, तीन पंचमांश मतं, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत पुन्हा तितक्याच मतांनी मंजुरी. म्हणून आत्ताच वेळ द्या.

नियमावलीतल्या या जागा प्रत्येकीला मोठ्याने वाचून दाखवा:

- कार्यकारिणीची मुदत किती, एकीला सलग किती वेळा एकाच पदावर राहता येईल.
- सभेची सूचना किती दिवस आधी आणि कशी द्यायची. ‘लेखी, सही घेऊन’ असं लिहा.
- गणपूर्ती किती, आणि ती झाली नाही तर तहकूब सभा कधी.
- सलग किती बैठका चुकल्या तर कार्यकारिणीतलं पद जातं.
- राजीनामा कुणाकडे द्यायचा, रिकामी जागा कशी भरायची.
- बँक खात्यावर सह्या कुणाच्या.
- मंडळ बंद पडलं तर मालमत्तेचं काय. ती सभासदांत वाटता येत नाही, दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते.

सलग दोन मुदतींनंतर पद सोडण्याचा नियम घालाच. संस्थापक अध्यक्षांना सुरुवातीला तो आवडत नाही. पण दुसऱ्या फळीला काम शिकवण्याची निकड त्या एका ओळीने निर्माण होते. ‘तहहयात अध्यक्ष’ हे शब्द कुठेही येऊ देऊ नका.

नाव ठरवताना तीन-चार पर्याय तयार ठेवा. त्याच किंवा मिळत्याजुळत्या नावाची संस्था आधीच नोंदलेली असेल तर अर्ज परत येतो. ‘राष्ट्रीय’, ‘भारत सरकार’, ‘मानवाधिकार’, ‘भ्रष्टाचार निर्मूलन’ असे शब्द अडतात, ते टाळा.

## पायरी 5: नावं, सह्या, पत्ता

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि बायकांच्या संस्थांचे सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात. कारण साधं आहे: आधार सासरच्या नावाने, पॅन माहेरच्या नावाने, बँकेत आणखी तिसरं नाव. पुरुषांच्या मंडळाला ही अडचण येत नाही, म्हणून छापील मार्गदर्शिकांत ती नसते.

प्रत्येक कार्यकारिणी सदस्याची कागदपत्रं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी दुरुस्ती, मग अर्ज. त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते. वेळ जातो, पण पुढे बँकेत सहा महिने खेटे घालण्यापेक्षा कमी जातो. तोपर्यंत तिचं नाव कार्यकारिणीत न घालता साध्या सभासदांत ठेवता येतं.

सही कुठल्या लिपीत करायची ते प्रत्येकीने एकदाच ठरवावं आणि सगळीकडे तशीच करावी. ठरावावर मराठीत, पॅनवर इंग्रजीत असं चालत नाही.

कार्यालयाचा पत्ता बहुधा कुणाच्या तरी घराचा असतो. घर जिच्या नावावर आहे तिचं, किंवा सासऱ्यांच्या-यजमानांच्या नावावर असेल तर त्यांचं, ना हरकत पत्र आणि सोबत वीजबिल किंवा घरपट्टीची पावती लागते. ‘पत्रव्यवहारापुरता पत्ता वापरण्यास हरकत नाही, मंडळाचा जागेवर कोणताही हक्क राहणार नाही’ हे वाक्य त्यात असू द्या. घरच्यांची धास्ती त्याने जाते.

इशारा: कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या कागदावर कोणीही सही करू नये. मूळ आधार किंवा पॅन कुणाच्या ताब्यात देऊ नये. वाचता न येणाऱ्या सभासदाला मजकूर दोघींच्या देखत वाचून दाखवा.

## पायरी 6: नोंदणी, एक नाही दोन

महाराष्ट्रात दोन नोंदण्या कराव्या लागतात, आणि ‘आमचं रजिस्ट्रेशन झालंय’ म्हणणाऱ्या कित्येक मंडळांची एकच झालेली असते.

पहिली, संस्था म्हणून, 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. दुसरी, सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयातच होतात. पहिल्या अर्जासोबत ज्ञापन (नाव आणि उद्देश सांगणारा कागद), नियमावली, कार्यकारिणीची यादी, संमतीपत्र, एकीला सर्वांच्या वतीने काम पाहण्याचं अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, पत्त्याचे पुरावे आणि नोंदणी करण्याचा ठराव जोडतात. दुसरा अर्ज अनुसूची 2 मधल्या नमुन्यात असतो आणि न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत करायचा असतो. त्यावर चौकशी होते, हरकतींसाठी नोटीस निघते आणि मग ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो क्रमांक हाती नसेल तर दुसरी नोंदणी बाकी आहे.

सरकारी शुल्क किरकोळ आहे. कोणी हजारो रुपये सांगितले तर त्यातले शुल्काचे किती आणि मेहनतान्याचे किती, ते लेखी मागा. अर्ज आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरून भरता येतो. अधिकारपत्र मात्र अशाच बाईला द्या जिला दुपारी कार्यालयात जाता येतं.

तपासा: ज्ञापन, यादी, ठराव आणि प्रतिज्ञापत्र या चारही ठिकाणी नावांचा क्रम, पद आणि वय सारखं आहे का? दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. जिने टाइप केलं तिला स्वतःची चूक दिसत नाही.

## पायरी 7: पैसा

पॅन मंडळाच्या नावाने काढा. खातं मंडळाच्या नावाने, तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने. तिघी एकाच गल्लीतल्या नकोत.

पैसे शेड्यूल्ड बँकेत, पोस्टात किंवा शासनाने मान्य केलेल्या सहकारी बँकेत ठेवता येतात. पतसंस्थेत ठेव ठेवायला कायद्याची मुभा नाही, मग ती ओळखीच्या बायकांनीच चालवलेली का असेना. कार्यक्रमाला पैसे कमी पडले म्हणून अध्यक्षांनी पदरचे घालून ‘नंतर घेईन’ म्हणणं हेही चालत नाही. न्यासासाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. द्यायचेच असतील तर देणगी म्हणून द्यावेत आणि पावती घ्यावी.

वह्या: रोखकीर्द, खतावणी, पावती पुस्तक, व्हाउचर फाइल, जडवस्तू नोंदवही, आवक-जावक. सतरंज्या, माइक, खुर्च्या जडवस्तूंत लिहा, नाहीतर दोन वर्षांनी त्या कुणाच्या हे कोणालाच सांगता येत नाही.

आयकरातल्या करसवलतीच्या, 12अ (मंडळाच्या उत्पन्नासाठी) आणि 80जी (देणगीदारासाठी) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या देणग्या घेणार असाल तरच काढा. आधी तात्पुरती नोंदणी मिळते, नियमित नोंदणीसाठी मुदतीत पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि ही दुसरी तारीख हमखास चुकते. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला देणगीदाराला करसवलत मिळत नाही हेही आधी सांगा. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी साधारणपणे तीन वर्षं काम दाखवल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा पहिल्या वर्षी त्यामागे धावू नका.

## पायरी 8: वर्षाचं चक्र आणि चेंज रिपोर्ट

31 मार्चला हिशेब बंद करा. पुढच्या सहा महिन्यांत सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण करून अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल करा. वार्षिक सभा झाली की 14 दिवसांत कार्यकारिणीची यादी पाठवा. पहिल्या वर्षी जमाखर्च चार हजारांचा असला तरी हे करा. चार वर्षांची लेखापरीक्षणं एकदम करायला निघालं की व्हाउचर सापडत नाहीत.

आता बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. पदाधिकारी बदलल्या, कुणाचं निधन झालं, राजीनामा आला, पत्ता बदलला, तर 90 दिवसांत अनुसूची 3 मधला अर्ज करायचा असतो. निवडणूक झाली, हार घातले, पेपरात बातमी आली, तरी हा अर्ज झाला नसेल तर कार्यालयाच्या दप्तरी जुन्याच बायका विश्वस्त असतात. अर्जासोबत सभेची सूचना, ती मिळाल्याच्या सह्या, हजेरी, इतिवृत्त, निवडून आलेल्यांची संमतीपत्रं आणि जाणाऱ्यांचे राजीनामे लागतात. हे कागद सभेच्या दिवशी तिथेच तयार करून घ्या. आठ दिवसांनी सह्यांसाठी घरोघर फिरलात तर निम्म्या गावाला गेलेल्या असतात.

निवडणुकीच्या त्याच सभेत जुन्या सचिवांनी नव्या सचिवांना पुढच्या गोष्टी यादी करून, दोघींच्या सह्यांनी द्याव्यात: दोन्ही मूळ प्रमाणपत्रं, मंजूर घटनेची शिक्क्याची प्रत, इतिवृत्त वह्या, सभासद नोंदवही, पासबुक आणि चेकबुक, वापरलेली आणि कोरी पावती पुस्तकं, शिक्का, संकेतस्थळाचा आणि ईमेलचा पासवर्ड, जडवस्तूंची यादी. ईमेल मंडळाच्या नावाचा असावा आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक त्याच दिवशी बदलावा, कारण कार्यालयाचे निरोप आणि ओटीपी त्याच क्रमांकावर येतात.